दोष आढळला नाही

आमच्या कपाटात शाळेच्या जुन्या कागदांच्या शेजारी एक पिवळट पाकीट आहे. त्यात मोटार दुरुस्ती केंद्राची पाच जॉब कार्डे घडी करून ठेवलेली आहेत. तारखा निरनिराळ्या, सह्या निरनिराळ्या, पण खालच्या रकान्यातील शेरा पाचही ठिकाणी एकच: 'दोष आढळला नाही.' पाच परीक्षकांनी एकच उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासून सारखेच गुण दिले, तर एक मुख्याध्यापक म्हणून आम्हांस समाधानच वाटले असते. येथे अडचण एवढीच होती, की त्या पाच तपासण्यांच्या दरम्यान ती मोटार आम्हांस घेऊन भर रस्त्यात सहा वेळा बंद पडली होती.

ह्या सदरातून आम्ही एरवी भाषेविषयी, क्वचित शाळेविषयी लिहितो. या खेपेस मोटारीचा विषय निघाला म्हणून वाचकांनी बुचकळ्यात पडू नये. आपल्यापैकी बहुतेक घरांत आता चार चाके आली आहेत. ज्या पिढीने ॲम्बॅसिडर किंवा पद्मिनीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावला, आणि गाडी मिळाली हेच भाग्य समजून तिच्या खोडी पोटात घातल्या, तिची नातवंडे आज हप्त्यांवर गाड्या घेत आहेत. 'ह्या गाडीत भोंगा सोडून सारे काही वाजते' ही त्या काळची थट्टा आम्हीही पुष्कळदा केली आहे. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली आणि ती थट्टा हळूहळू मागे पडली. तक्रार सोसण्याची सवय मात्र आपण नव्या गाडीतही बरोबर घेऊन बसलो.

आमची कथा थोडक्यात सांगतो. तीस वर्षे स्कूटरवर काढल्यानंतर, २०१६ साली, आम्ही एका नामवंत कंपनीची मोटार घेतली. कंपनीचे नाव येथे सांगत नाही; त्याची गरजही नाही. पुढल्या मे महिन्यात कोल्हापूरहून अंबाबाईचे दर्शन घेऊन बेळगावला परतत होतो. मागे आमच्या मातोश्री, वय वर्षे ऐंशी, आणि त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेला नातू. शेजारी आमचे कुटुंब. दुपारचा दीड वाजला असावा. वंटमुरीचा घाट चढत असता गाडीने एक आचका दिला आणि इंजिन बंद पडले. फट नाही, धूर नाही. बोलता बोलता एखाद्याने डोळे मिटावेत तसे ते मिटले. स्टिअरिंग एकाएकी दगडासारखे जड झाले. ब्रेक दोनदा लागला, तिसऱ्यांदा पाय दाबूनही तो खाली जाईना. मागून येणाऱ्या मालट्रकचा भोंगा आजही कधी कधी रात्री कानांत वाजतो. कशीबशी गाडी कडेला लागली. अर्ध्या तासाने किल्ली फिरवली, तर जणू काही झालेच नाही अशा थाटात ती सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुरुस्ती केंद्रात गेलो. तेथील तरुणाने अदबीने बसावयास खुर्ची दिली, चहा दिला, आणि आमची तक्रार कागदावर उतरवून घेतली. आम्ही सांगितले, 'गाडी चालता चालता बंद पडते.' त्याने 'ग्राहकाचे म्हणणे' ह्या रकान्यात लिहिले, 'स्टार्टिंग प्रॉब्लेम.' आम्ही सही केली. मराठीचे एम.ए., आयुष्यभर मुलांच्या वाक्यांवर लाल रेघा ओढल्या, आणि आपल्याच वाक्याचा असा अनर्थ झालेला आम्हांस दिसला नाही. गाडी सकाळी सुरू न होणे ही गैरसोय आहे. तीच गाडी घाटात बंद पडणे हा जिवाशी गाठ घालणारा प्रसंग आहे. त्या एका शब्दाने दुसऱ्याचे पहिले करून टाकले. पुढे चार वेळा आम्ही गेलो, चारही वेळा तेच लिहिले गेले, गाडीला संगणक जोडण्यात आला, संगणकाने काही सांगितले नाही, आणि पाकिटात एकेक कार्ड वाढत गेले.

त्या तरुणाला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. दिवसाकाठी किती गाड्या हातावेगळ्या झाल्या ह्याचा हिशेब त्याला संध्याकाळी द्यावा लागत असणार. 'आढळला नाही' हे लिहिले की गाडी सुटते.

चौथ्या कार्डानंतर एका रात्री आमच्या मनात एक विचार आला, तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. गाडी विकून टाकावी, असा तो विचार होता. तीन वर्षांचीही झाली नव्हती, किंमत बरी आली असती. जेवताना तो बोलून दाखवला. कुटुंबाने पानात वाढलेली आमटी तशीच ठेवली आणि विचारले, "अहो, घेणाऱ्याला काय सांगाल? दोष आढळला नाही म्हणून?"

त्यावर बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते.

शेवटी आमच्याच एका विद्यार्थ्याने ही गाठ सोडवली. नववीत दोनदा राहिलेला हा मुलगा आता उद्यमबागेत स्वतःचे गॅरेज चालवतो. त्याने गाडी ठेवून घेतली नाही. भर दुपारी आम्हांस बोलावले, शेजारी बसवले, आणि वातानुकूलन लावून राकसकोपच्या वाटेने तासभर फिरवले. परतताना गाडी बंद पडली तसा तो चक्क खूश झाला. बॉनेट उघडून त्याने पिण्याच्या पाण्याची बाटली एका लहानशा काळ्या भागावर हळूहळू ओतली आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

"हे बघा सर," तो म्हणाला, "गरम झाला की हा सेन्सर मरतोय, गार झाला की परत जिता होतोय. तुम्ही सकाळी गार गाडी घेऊन जाताय, त्यांना काय दिसणार ओ?"

तो भाग म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा किती अंशांतून फिरला हे गाडीच्या संगणकाला कळवणारा संवेदक. त्याच्याकडून निरोप येणे थांबले, की इंधन केव्हा सोडावे आणि ठिणगी केव्हा टाकावी हे संगणकाला कळत नाही, आणि तो दोन्ही बंद करतो. आतील बारीक तार उष्णतेने प्रसरण पावून सुटते, थंड झाल्यावर पुन्हा जुळते. म्हणून सकाळी तपासणाऱ्याला सारे काही ठाकठीक दिसते. नवा भाग बाराशे रुपयांना आला. त्यानंतर आजतागायत गाडी अशी बंद पडलेली नाही. पण पैसे घेताना तो मुलगा सहज बोलून गेला ते आमच्या डोक्यातून जाईना: "असल्या आणि तीन गाड्या येऊन गेल्यात की सर माझ्याकडे. ह्याच मॉडेलच्या."

म्हणजे दोष आमच्या गाडीत नव्हता. तो त्या जातीच्याच गाड्यांत होता. आम्हांस आपली एकच गाडी दिसत होती, मिस्त्रीला चार दिसत होत्या, आणि कंपनीला देशभरातील शेकडो जॉब कार्डे दिसू शकत होती. फक्त त्या साऱ्यांवर 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' असे लिहिलेले असणार.

ह्या गोष्टीचे जगातील सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे, आणि ते आपल्या किल्ल्यांच्या जुडग्याशी संबंधित असल्यामुळे आपल्या वाचकांना सहज समजेल. जनरल मोटर्स ह्या कंपनीच्या कोबाल्ट आणि त्या घराण्यातील आणखी काही गाड्यांमध्ये, जिथे किल्ली फिरवतात तो स्विच फार सैल होता. जुडग्याचे वजन जास्त झाले किंवा गुडघ्याचा धक्का लागला, की चालत्या गाडीत किल्ली आपोआप मागे फिरे. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि सर्वांत भयंकर म्हणजे किल्ली त्या जागी गेल्यावर अपघातात एअरबॅगही फुगत नसे. स्विच ठरवलेल्या मापापेक्षा सैल आहे हे तो बनत असतानाच, २००२ च्या सुमारास, संबंधित अभियंत्याला ठाऊक होते. गाडी बाजारात आल्यापासून मालकांच्या तक्रारी येऊ लागल्या. २००५ च्या डिसेंबरात कंपनीने विक्रेत्यांना एक सूचना पाठवली. ती काय होती? ग्राहकाला जुडग्यातील अनावश्यक वस्तू काढून टाकावयास सांगावे! आपल्या घरांतील जुडगी डोळ्यांसमोर आणा: घराची किल्ली, कपाटाची किल्ली, बँकेच्या लॉकरची, वर गणपतीचे पितळी पदक. त्या गाडीत एवढ्या सामानानिशी प्रवास करणे धोक्याचे ठरले असते.

२००६ मध्ये त्या स्विचमध्ये गुपचूप सुधारणा झाली, पण सुट्या भागाचा क्रमांक मात्र बदलला नाही. जुना आणि नवा भाग कागदोपत्री एकच. त्यामुळे पुढे जो जो तपास करी तो गोंधळात पडे: जुन्या गाड्यांत दोष दिसतो, नव्यांत दिसत नाही, आणि भाग तर तोच! शेवटी २०१३ साली जॉर्जिया राज्यात अपघातात गेलेल्या एका तरुण मुलीच्या आईवडिलांच्या वकिलाने लावलेल्या एका बाहेरच्या अभियंत्याने जुना आणि नवा स्विच शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा आतील स्प्रिंगची लांबी वेगळी निघाली. आमच्या उद्यमबागेच्या मिस्त्रीची आणि त्या अभियंत्याची जात एकच, असे आम्हांस वाटते. २०१४ च्या फेब्रुवारीत गाड्या परत बोलावण्यास प्रारंभ झाला आणि आकडा २६ लाखांवर गेला. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने पुढे १२४ मृत्यूंची जबाबदारी मान्य केली. त्या भागाची किंमत ५७ सेंट असल्याचे अमेरिकन लोकप्रतिनिधींपुढील सुनावणीत सांगण्यात आले. आपल्याकडील त्या वेळच्या हिशेबाने पस्तीस रुपयांच्या आत.

अकरा-बारा वर्षे हे का लांबले? कंपनीनेच नेमलेल्या वकिलांनी २०१४ च्या जूनमध्ये जो अहवाल दिला, तो आम्ही सरकारी नोकरीत नसतो तर आम्हांस अतिशयोक्तीचा वाटला असता. चालती गाडी बंद पडणे हा प्रश्न कंपनीत 'सुरक्षितता' ह्या सदराखाली नव्हे, तर 'ग्राहकाची सोय' ह्या सदराखाली नोंदवला गेला होता. (आमचे 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' वाचकांना आठवले असेलच.) समित्यांवर समित्या बसल्या. बैठकीत सर्वांनी एखाद्या उपायाला मान डोलवावयाची आणि खोलीबाहेर पडल्यावर कोणीही काही करावयाचे नाही, ह्या पद्धतीला तेथे 'जीएमची मानडोलावणी' असे नाव पडले होते. दुसरी एक 'जीएमची सलामी' होती: हातांची घडी घालून दोन्ही हातांची बोटे दुसऱ्यांकडे दाखवावयाची, जबाबदारी माझी नाही, त्याची. आमच्या शिक्षणखात्यात ह्या दोन्ही कला अवगत असलेले पुष्कळ गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. फक्त त्यांना नावे नव्हती.

परंतु भाषेच्या मास्तराला सर्वांत हादरवून गेली ती आणखी एक गोष्ट. त्याच वर्षी सरकारशी झालेल्या समझोत्यातून उघडकीस आले, की २००८ साली ह्या कंपनीने आपल्या नोकरांना अहवालात कोणते शब्द वापरू नयेत ह्याचे पाठ दिले होते. ६९ शब्दांची यादी होती. 'दोष' म्हणू नये, 'रचनेप्रमाणे काम करीत नाही' असे म्हणावे. 'समस्या' म्हणू नये, 'बाब' किंवा 'स्थिती' म्हणावे. 'सुरक्षितता' हा शब्द नुसता वापरू नये. 'सुरक्षिततेशी संभाव्य संबंध' म्हणावे. 'धोकादायक', 'मृत्यूचा सापळा', 'टायटॅनिक', एवढेच नव्हे तर 'चालतीफिरती शवपेटिका' हे शब्दही वर्ज्य होते. ज्या अर्थी वर्ज्य करावे लागले, त्या अर्थी कोणी तरी अभियंता ते पोटतिडिकेने लिहीत असला पाहिजे! शब्दांच्या छटा समजावून सांगण्यात आमची हयात गेली. छटा पुसण्याचे शास्त्रही असते, हे त्या यादीने शिकवले.

येथे आम्हांस स्वतःविषयी काही सांगणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, नवे नवे मुख्याध्यापक असताना, आमच्या शाळेच्या एका वर्गाच्या भिंतीला तडा गेला. आम्ही वरिष्ठ कार्यालयास लिहिले, 'भिंत धोकादायक आहे.' तेथून एका सद्गृहस्थाचा निरोप आला, की 'धोकादायक' लिहिले तर वर्ग बंद करावा लागेल, चौकशी होईल, आपल्यालाच त्रास. 'किरकोळ दुरुस्तीची आवश्यकता' असे लिहा, म्हणजे काम लवकर होईल. आम्ही तसे लिहिले. काम लवकर झाले नाही. ती भिंत पुढल्या पावसाळ्यात एका रविवारी पहाटे पडली. रविवार होता. ह्याखेरीज त्या गोष्टीत आमच्या बाजूने सांगण्यासारखे काही नाही. दुसऱ्याच्या जॉब कार्डावर बोट ठेवताना ते कागद आमच्या मनातून जात नाहीत.

मोटारींच्या दोषांचा विषय निघाला की फोर्ड कंपनीच्या 'पिंटो'ची गोष्ट हमखास सांगितली जाते, आणि ती बहुधा अर्धवट सांगितली जाते. पिंटोची पेट्रोलची टाकी मागील आसाच्या पाठीमागे होती. मागून धडक बसली की टाकी पुढे ढकलली जाऊन तेथील बोल्टांवर फाटे आणि गाडी पेट घेई. १९७७ साली एका अमेरिकन मासिकाने कंपनीचा एक कागद छापला. त्यात प्रत्येक गाडीस ११ डॉलर खर्च करून सुधारणा केल्यास १३ कोटी ७० लाख डॉलर लागतील, आणि न केल्यास १८० जण जळून मरतील, तेवढेच होरपळतील. प्रत्येक मृत्यूमागे दोन लाख डॉलर धरून हा सारा तोटा ४ कोटी ९५ लाख डॉलरच होईल, असा ताळेबंद होता. लोक संतापले, आणि संतापणे योग्यच होते. परंतु तो कागद पिंटोच्या मागच्या टाकीचा नव्हताच. गाडी उलटल्यावर पेट्रोल सांडू नये ह्या प्रस्तावित नियमाविरुद्ध, देशातील सर्वच गाड्यांचा हिशेब मांडून, तो सरकारला सादर केलेला होता. आणि माणसाच्या जिवाची दोन लाख ही किंमतही सरकारी खात्याच्याच आकड्यावरून घेतलेली होती. ह्यामुळे पिंटो निर्दोष ठरत नाही. १९७८ च्या जूनमध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावून टाकीपुढे प्लास्टिकची ढाल बसवावी लागली, ती काही उगाच नव्हे. आम्ही एवढेच म्हणतो, की कंपनीवर आरोप करताना आपला कागद तिच्या कागदापेक्षा पक्का असावा. आम्हां मराठी माणसांची चीड मोठी असते आणि फाइल बारीक असते.

आता आपल्या देशाकडे येतो. अमेरिकेत राल्फ नेडर ह्यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तक १९६५ साली निघाले आणि १९६६ साली तेथे मोटार सुरक्षिततेचा कायदा झाला. दोष कळवण्याचे बंधन कंपन्यांवर आले. आपल्याकडे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, पण तो एकेका ग्राहकाच्या भांडणाचा. दोषी गाड्यांची सारी जातच माघारी बोलावण्याची सोय त्यात नव्हती. २०१२ च्या जुलैत वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वखुशीची एक पद्धत सुरू केली. स्वखुशीचे व्रत जसे पाळले जाते तशी ती पाळली गेली. मोटार वाहन कायद्यात त्यासाठी ११०अ हे कलम आले ते २०१९ च्या दुरुस्तीने, आणि त्याचे नियम अमलात आले १ एप्रिल २०२१ पासून. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना ते लागू आहेत. चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर माणसे अथवा पर्यावरण ह्यांना अपाय होईल असा दोष एकाच जातीच्या ठरावीक संख्येच्या मालकांनी कळवला, किंवा तपासणी संस्थेने अथवा अन्य कोणी नजरेस आणला, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. दंड १० लाखांपासून एक कोटीपर्यंत. 'ठरावीक संख्येच्या मालकांनी' ह्या शब्दांखाली आम्ही लाल रेघ ओढून ठेवली आहे. तक्रार मोजली जाण्यासाठी आधी ती नोंदली गेली पाहिजे.

ह्या 'रिकॉल'ला चांगला मराठी शब्द नाही. आमचे कुटुंब त्याला 'गाडीचे माहेरपण' म्हणते. कोशात जाण्याजोगा नसला तरी शब्द वाईट नाही. मुलीला काही दुखतेखुपते असे कळल्यावर आईने निरोप धाडावा, तसाच हा प्रकार असावयास हवा.

न्यायालयाच्या वाटेविषयी वाचक विचारतात. गाडीच बदलून मिळेल ह्या आशेने जाणाऱ्यास आम्ही सावध करू. सुटा भाग दुरुस्त होण्यासारखा असेल तर तोच बदलून द्यावा, सबंध गाडी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुतीच्या एका प्रकरणात म्हटलेले आहे. पण सुरक्षिततेचा प्रश्न आला की पारडे फिरते. दिल्ली-पानिपत रस्त्यावर २०१७ च्या नोव्हेंबरात एका क्रेटा गाडीला अपघात झाला, समोरचा भाग चेपला, मालक जखमी झाला, आणि एअरबॅगा फुगल्याच नाहीत. आघात पुरेशा जोराचा नव्हता, असे कंपनीचे म्हणणे पडले. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. एअरबॅग आहे म्हणून विश्वासाने गाडी घेणारा ग्राहक वेग आणि बल ह्यांची गणिते मांडणारा पदार्थविज्ञानाचा तज्ज्ञ असावा अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्या निकालाचा भाव आहे. गाडी बदलून देण्याचा आणि भरपाईचा हुकूम कायम राहिला.

आमच्या परीने पाच अनुभवी सूचना कराव्यात असे मनात होते, पण दोनच खऱ्या महत्त्वाच्या. जॉब कार्डावर आपले वाक्य आपल्याच शब्दांत लिहून घ्यावे. 'चालत्या गाडीत इंजिन बंद पडले, घाटात, दुपारी दीड वाजता, तासभर चालल्यानंतर, इतक्या किलोमीटरवर'. असे लिहिल्याशिवाय सही करू नये आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नये. संगणकात एवढी जागा नसते असे सांगितले जाईल. मग कागदावर हाताने लिहावे, पोच घ्यावी. दुसरी गोष्ट, आपल्यासारखे आणखी कोण आहेत हे शोधावे. आम्ही मिस्त्रीकडून त्या तीन गाडीमालकांचे पत्ते मिळवले. दोघांनी सह्या दिल्या आणि आम्ही तिघांनी मिळून कंपनीस पत्र धाडले. तिसरे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, मी गाडी विकून मोकळा झालो." कोणाला, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारण्याचे धैर्य केले नाही. कंपनीचे उत्तर आले: 'आपला अनुभव आम्हांस मोलाचा वाटतो.' पाच महिन्यांनी त्या दोघांनाही तो भाग फुकट बदलून मिळाला, आमचे बाराशे मात्र मिळाले नाहीत. बाकी, ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा आयोगात तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती उलटू देऊ नये.

नव्या गाड्यांना आता टकरीच्या परीक्षेत तारे मिळतात; १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाचीही तशी परीक्षा सुरू झाली. चांगली गोष्ट आहे. परंतु ती परीक्षा कोऱ्या गाडीची आहे. तिसऱ्या उन्हाळ्यात तापल्यावर काय होते, हे तिच्यात विचारले जात नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही मडगावला मेहुण्यांकडे गेलो होतो. बोलता बोलता जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगांचा विषय निघाला. त्या पिशव्या फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. दमट आणि उष्ण हवेत वर्षानुवर्षे राहिल्यावर ते बिघडते, आणि अपघातात पिशवी फुगवण्याऐवजी तिचे धातूचे घर फोडून तुकडे चालकाच्या अंगावर फेकते. जगभरात अनेक कंपन्यांच्या गाड्यांतून असे कोट्यवधी भाग परत बोलवावे लागले आणि २०१७ साली टकाटाचे दिवाळे निघाले. दमट आणि उष्ण हवा म्हणजे गोव्याची हवा. मेहुणे ऐकत होते, मग एकाएकी उठले आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा उपसू लागले. तळाशी गाडीच्या कंपनीचे एक इंग्रजी पत्र निघाले, न फोडलेले, दोन वर्षांपूर्वीचे.

"भावजी, मला वाटले विम्याची जाहिरात," ते म्हणाले.

ती जुनी गाडी आता त्यांची मुलगी चालवते. रोज कॉलेजला जाते. त्या रात्री गाडीची किल्ली मेहुणीबाईंनी देवघरात ठेवली. पाडव्यानंतर दुकान उघडताच बापलेक जाऊन आली. काम तासाभरात झाले, पैसे पडले नाहीत. मुलीने जॉब कार्डाचे छायाचित्र आम्हांस फोनवर पाठवले. खालच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते: 'चालकाच्या बाजूचा एअरबॅग इन्फ्लेटर सदोष. बदलला.'